शेत आहे, गडी कुठे आहे?

शास्त्रवाचन : रूथ 2:1-18, अनुवाद 24:14-15, याकोब 5:1-6

गेल्या हिवाळ्यात नात्यातील एका विवाहाच्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब हैदराबादला गेलो होतो. विवाहविधी आटोपला, पाहुण्यांची पांगापांग झाली, आणि परतीच्या गाडीला एक दिवस हाताशी राहिला. मुलांनी सालारजंग संग्रहालयाचा हट्ट धरला. आमच्या आत्याबाईंना घरी एकट्या ठेवावे असे मनात होते, कारण त्यांचे वय 84, आणि त्या संग्रहालयात चालणे पुष्कळ. पण त्या म्हणाल्या, ‘‘इथवर आले ती काय पत्रावळी उचलायला?’’ तेव्हा त्यांनाही बरोबर घेतले.

मुसी नदीच्या दक्षिण तीरावर हे संग्रहालय आहे. हैदराबाद संस्थानचे दिवाणपद ज्या घराण्याकडे होते त्या घराण्यातील तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. 1949 साली ते निवर्तले. 1951 च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्याच दिवाण देवडी या वाड्यात संग्रहालय सुरू झाले आणि 1968 साली ते आजच्या इमारतीत आले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. तेथे गर्दी दोन ठिकाणी असते. एक, ते वाजणारे घड्याळ. तास भरत आला की शेकडो माणसे त्याच्यापुढे बसून राहतात. एक छोटी आकृती बाहेर येऊन घंटेवर टोले देते आणि मुलांबरोबर मोठेही टाळ्या पिटतात. दुसरी गर्दी संगमरवरी रिबकेपुढे. इटालियन शिल्पकार बेन्झोनी याची ही मूर्ती पहिल्या सालारजंगांनी 1876 साली रोममध्ये विकत घेतली. चेहऱ्यावरचा झिरझिरीत बुरखाही दगडाचाच, हे पाहून माणसे थक्क होतात. ती रिबका म्हणजे उत्पत्तीच्या 24 व्या अध्यायातील, खांद्यावर घागर घेऊन विहिरीवर आलेली आणि परक्या माणसाच्या दहा उंटांना पाणी पाजणारी मुलगी, हे तेथे येणाऱ्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. तहानलेल्या उंटाला पाणी किती लागते याचा विचार केला तर त्या मुलीचे हात मूर्तीतल्यासारखे मऊ नसावेत, असे आम्हांला वाटून गेले. असो.

आम्हांला सांगायचे आहे ते पाश्चात्त्य चित्रांच्या दालनाविषयी. तेथे एकोणिसाव्या शतकातील एक तैलचित्र आहे. त्याच्यापुढे कोणी थांबत नव्हते. थांबावे असे त्यात काही नव्हतेही. संध्याकाळची वेळ, गवताने शाकारलेले एक घर, दाराशी कोंबड्या, पुढे उथळ तळे, तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक तांबडी गाय, तिच्यामागे आणखी गाई, कुंपणाशी दोन मेंढ्या. दाराजवळ एक बादली ठेवलेली. आभाळ मधाच्या रंगाचे. लग्नघरातला चार दिवसांचा गोंगाट कानांत होता, त्यामुळे आम्हांस ते चित्र फार बरे वाटले. आम्ही बाकावर टेकलो. मनात तेविसावे स्तोत्र आले, हिरवी कुरणे आली, संथ पाणी आले. खरे सांगायचे तर, या मासिकासाठी एक मनन हाती लागले असे आम्ही समजत होतो : देवाने दिलेली शांती, शेतकऱ्याचे साधे जीवन, शहरातील धावपळ. असे मनन आम्ही पूर्वीही लिहिले आहे आणि हंगामाच्या सणाला व्यासपीठावरून सांगितलेही आहे.

आत्याबाई आमच्याजवळ उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी चित्र न्याहाळले. मग म्हणाल्या, ‘‘शेत हाय, जनावरं हायेत, दुधाची बादली हाय. मंग गडी कुठं हाय?’’

आम्ही हसून म्हणालो, ‘‘आत्या, चित्र आहे ते. जेवायला गेला असेल.’’

त्या म्हणाल्या, ‘‘दिवस मावळताना कोणचा गडी जेवायला जातो? तवा तर धारा काढायच्या असतात.’’

आम्ही गप्प बसलो.

आत्याबाईंना हे विचारण्याचा अधिकार आहे. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, जालन्याच्या बाजूला एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. सालगडी म्हणजे काय हे शहरातील आमच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल. गुढीपाडव्याला बोली होते, वर्षाची रक्कम आणि थोडे धान्य ठरते, आणि त्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस रात्रंदिवस त्या शेताचा. मध्येच सोडून जाता येत नाही, कारण उचल घेतलेली असते. आत्याबाईंचे बालपण दुसऱ्याच्या बांधावर गेले. 1972 च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि सरकारी तांबड्या मिलोची भाकरी खाऊन मुले जगवली. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे वडील, मिशनच्या शाळेत शिकले, शिक्षक झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाकडे सात एकर जमीन घेतली. आज ती आमच्या नावावर आहे आणि आम्ही शहरात राहतो. या जमिनीविषयी पुढे बोलावे लागणार आहे.

प्रथम त्या चित्राविषयी. घरी आल्यावर आम्ही थोडी चौकशी केली, थोडे वाचले. इंग्लंडमध्ये अशी चित्रे त्या शतकात शेकड्यांनी रंगवली गेली. ती कोण विकत घेई? बहुतेक शहरातील गिरणीवाले, व्यापारी, आणि नव्याने पैसा आलेले लोक. 1851 साली इंग्लंडची शिरगणती झाली तेव्हा निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहतात असे प्रथमच आढळून आले. ज्यांनी गाव सोडले त्यांना दिवाणखान्यात गाव हवे होते, पण घाम आणि भूक वगळून हवे होते. चित्रकारांनी तसे करून दिले. त्या आभाळाचा मधासारखा रंगसुद्धा सगळाच चित्रकाराचा नसतो म्हणे. तैलचित्रावर राळेचे रोगण देतात, ते वर्षानुवर्षे पिवळे पडत जाते, आणि संध्याकाळ अधिकच सोनेरी दिसू लागते. आमच्या बालपणाच्या आठवणींवरही असे काही रोगण चढलेले असते काय?

आणि चित्राबाहेर काय चालले होते? कायदे करून गावोगावची गायराने मोठ्या जमीनदारांच्या कुंपणात घातली जात होती. गरिबाची एखादी गाय ज्या कुरणावर चरत असे ते कुरणच गेले. 1788 साली इंग्लंडच्या एका वरिष्ठ न्यायालयात असा खटला उभा राहिला की कापणीनंतर शेतात सरवा वेचण्याचा गरिबांना हक्क आहे की नाही. गरिबांच्या बाजूने लेवीयाच्या पुस्तकाचा आधार देण्यात आला. शेताचा कोपरान् कोपरा कापू नये, सांडलेले वेचू नये, ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावे, हा तो नियम (लेवीय 19:9-10). एका न्यायमूर्तीने तो आधार मानलाही. पण बहुमताने निकाल गेला की असा कोणताही हक्क कायद्यात नाही. ज्या देशातून आपल्याकडे शास्त्र घेऊन मिशनरी आले त्या देशाच्या न्यायालयाने शास्त्राचा हा नियम बाजूला ठेवला, हे वाचून आम्हांला धक्का बसला. पुढे 1830 साली दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली आणि मळणीयंत्रे मोडली, तेव्हा 19 जणांना फाशी झाली व सुमारे पाचशे जणांना समुद्रापार हद्दपार केले गेले. गडी कुठे आहे, या आत्याबाईंच्या प्रश्नाला हेही एक उत्तर होऊ शकते.

सर्वच चित्रकारांनी गड्याला वगळले असे मात्र नाही. फ्रान्समध्ये मिले नावाचा चित्रकार होऊन गेला. तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. 1857 साली त्याने सरवा वेचणाऱ्या तीन बायांचे चित्र प्रदर्शनात ठेवले. तिघी कमरेत वाकलेल्या, हात मातीला लागलेले, आणि पाठीमागे दूर मालकाच्या धान्याच्या उंच गंजी. पॅरिसच्या प्रतिष्ठितांपैकी पुष्कळांना ते चित्र आवडले नाही. त्याआधी काही वर्षे त्याने रूथ व बवाज यांचेही चित्र काढले होते. त्यात बवाज रूथला कापणीनंतर विसावलेल्या मजुरांच्या घोळक्याकडे घेऊन येतो. ते आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. या चित्रांच्या छापील प्रती आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. तेथे आत्याबाईंना गडी शोधावा लागला नसता.

आता रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा काढून वाचा अशी वाचकांना विनंती आहे. शेतीचे इतके शांत चित्र शास्त्रात दुसरे नसेल. पण त्यात माणसे किती आहेत पाहा. कापणारे गडी आहेत, पेंढ्या बांधणाऱ्या बाया आहेत, गड्यांवरचा मुकादम आहे, आणि मवाबातून आलेली एक परकी विधवा आहे. बवाज बेथलेहेमाहून शेतावर येतो तेव्हा तो आधी पीक पाहत नाही. तो मजुरांना परमेश्वराचे नाव घेऊन नमस्कार करतो आणि मजूर त्याला तसाच आशीर्वाद उलट देतात (2:4). मग तो त्या परक्या बाईची चौकशी करतो. गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावू नका (2:9). शेतात एकट्यादुकट्या बाईला कसले भय असते हे तो जाणतो. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेले पाणी पी, असे तो तिला सांगतो. ज्यांच्या आजीपणजीने पाणवठ्यावर दूर उभे राहून कोणी वरून ओतील तेवढेच पाणी घेतले, त्या आपल्या मंडळींना या एका वाक्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. जेवणाच्या वेळी तो तिला मजुरांच्या पंगतीत बसवतो, स्वतःच्या हाताने भाजलेले धान्य वाढतो. आपल्या हुरड्याची आठवण यावी असा हा प्रसंग आहे. ती पोटभर खाते, आणि उरलेले सासूसाठी बांधून नेते (2:14, 18). शेवटी तो गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतून थोडे मुद्दाम ओढून टाकत जा (2:16). नियमशास्त्राने सांगितले होते, सांडले तर उचलू नको. बवाज म्हणतो, मुद्दाम सांडा. त्या रात्री रूथने झोडपून एफाभर सातू घरी नेले.

बवाजाच्या शेतावर शांती आहे ती कोणी नाही म्हणून नव्हे. जो तो आहे, पोटभर जेवला आहे, आणि निर्भय आहे, म्हणून ती आहे. मीखाने पाहिलेले चित्रही असेच आहे : प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलाखाली, आपल्या अंजिराखाली, आणि त्याला घाबरवणारा कोणी नाही (मीखा 4:4). प्रत्येक जण, केवळ मालक नव्हे. शब्बाथाचा नियमही निर्गमात असा येतो की बैलाला व गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि उपऱ्याला विश्रांती मिळावी (निर्गम 23:12). विसाव्याची पहिली ओळ बैलाची आहे. त्या तैलचित्रातील गाईच्या डोळ्यांत जो निवांतपणा होता तो चित्रकाराने खोटा रंगवला असे आम्ही म्हणत नाही. जनावराला तसा विसावा मिळावा ही देवाची इच्छाच आहे. ज्याने तिला पाण्यावर आणले त्यालाही तो मिळावा, एवढे राहून गेले.

येथे हैदराबादशी व आपल्या मराठी मंडळीशी संबंध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिबकेची मूर्ती विकत घेणारे पहिले सालारजंग 1853 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, संस्थानचे दिवाण झाले. त्यापूर्वी महसूल गोळा करण्याचे काम मक्तेदारांकडे असे, आणि मक्तेदार रयतेला पिळून काढीत. सालारजंगांनी ती पद्धत मोडून जिल्हे पाडले, सरकारी अधिकारी नेमले. त्यांच्याच कारकिर्दीत रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्यास आले. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाळक झाला होता. त्यांच्या हाताखाली प्रभूकडे वळलेले बहुतेक लोक मातंग व महार समाजाचे होते. बलुत्यावर आणि दुसऱ्याच्या शेतावर जगणारी ही माणसे. ख्रिस्ती झाल्यावर गावाने बलुते बंद केले तर खायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तेव्हा शेषाद्रींनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचे गाव वसवले. याकोब घर सोडून पळाला, उशाला दगड घेऊन निजला, आणि जागा झाल्यावर ज्या ठिकाणाला त्याने देवाचे घर म्हटले, त्याचे हे नाव. ज्यांना स्वतःची वीतभर जमीन नव्हती त्यांच्या गावाला याहून योग्य नाव कोणते असणार?

म्हणजे त्याच शतकात, त्याच संस्थानात, शांत शेतीजीवनाचे आणखी एक चित्र घडत होते. रंगाने नव्हे, नांगराने. ते दिवाणखान्यात लावण्यासारखे नव्हते. 1876 ते 1878 या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ पडला, त्यातून त्या लोकांना जावे लागले. बेथेलच्या लोकांचे सगळे सुरळीत झाले असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्याला गड्याचा विसर पडला नाही असा एक मनुष्य देवाने तेथे उभा केला, हे आपल्या मंडळीच्या इतिहासात आहे आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नाही. आम्हांलाही संग्रहालयातून घरी येईपर्यंत त्याची आठवण झाली नव्हती.

एक कडू गोष्टही लिहितो. सालारजंग घराण्याची मोठी जहागीर होती. जहागिरीचे उत्पन्न म्हणजे शेवटी कोणाच्या तरी शेताचा सारा. ते सुंदर घड्याळ, ती रिबका, ते तळ्यातले गाईचे चित्र, यांच्या किमतीत कोठे ना कोठे ज्वारीची पाटी आहे. यात एका घराण्याला दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या उपासनामंदिरातील बाकांचा, आपल्या हंगामाच्या सणाचा हिशेब असाच मांडता येईल. त्या दिवशी आपण व्यासपीठापुढे ज्वारीची कणसे उभी करतो, भोपळे, ऊस, केळीचे घड मांडतो, दिसायला फार छान दिसते. उपासनेनंतर लिलाव होतो आणि एकेका भोपळ्याला बाजाराच्या दसपट बोली लागते. आम्ही स्वतः मागच्या वर्षी एका भोपळ्याला पाचशे रुपये बोललो आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या. ती कणसे कोणी खुडली, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली का, हे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

आता सात एकरांविषयी. आमच्या जमिनीवर एक सालगडी आहे. तो ख्रिस्ती नाही. त्याने काही बिघडत नाही, कारण अनुवादाच्या 24 व्या अध्यायात मजूर आपल्या बांधवांपैकी असो की उपरा असो, दोघांचाही उल्लेख आहे. त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असा तेथील आशय आहे. मागच्या पाडव्याला हिशेब झाला तेव्हा कापसाला भाव मिळाला नव्हता. आम्ही त्याला म्हणालो, थोडी रक्कम पुढे पाहू. तो काही बोलला नाही. आम्ही त्याच्या न बोलण्याला संमती समजलो. सूर्य त्यानंतर किती वेळा मावळला याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. आणि या अवधीत आम्ही याकोबाच्या पत्रावर, अगदी पाचव्या अध्यायावर, एका कौटुंबिक प्रार्थनासभेत बोललोही. कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब लिहितो. आम्ही ते धनवानांविषयी म्हणून समजावून सांगितले. आम्ही स्वतःला धनवान समजत नाही. सात एकरांत कसला धनवान!

ज्या माणसाचा बाप सालगडी होता त्याने सात एकर घेतले, आणि त्याच्या मुलाने सालगड्याचे पैसे अडवले. दोन पिढ्या पुरल्या.

आत्याबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी आम्हांला टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच त्या चित्रात गडी दिसत नव्हता. परतीच्या गाडीत, काचीगुड्याहून निघून रात्री बराच वेळ गेल्यावर, आम्ही त्यांना सर्व सांगितले. त्या खिडकीतून बाहेर अंधारात पाहत होत्या. म्हणाल्या, ‘‘माझ्या बापाचं बी एका साली असंच राहिलं होतं. माय म्हणायची, मागून घ्या. ते जात नव्हते. मागायला गेलं की पुढच्या साली कामावर ठेवत नसत.’’ थोड्या वेळाने विचारले, ‘‘त्याला पोरं किती?’’

आम्हांला ते सांगता आले नाही.

जालना स्टेशनवर उतरल्यावर, सामान खाली ठेवायच्या आधी, आम्ही त्याला फोन लावला. पहाटेची वेळ, तो गोठ्यातच होता, मागे जनावराच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. आम्ही म्हणालो, पाडव्याचे जे राहिले आहे ते घेऊन आज येतो, नेमके किती राहिले आहे ते वही पाहून सांगतो.

तो म्हणाला, ‘‘वही कशाला पाहता मालक. अकरा हजार पाचशे.’’